ग्रीक आदिदेवांची वंशावळ स्वतः मांडायची कशी

झ्यूस, हेरा, पोसायडन, अपोलो ही नावं आपल्या कानावरून गेलेली असतात. त्यांच्या आजीचं नाव विचारलं की मात्र गाडी अडते. इंटरनेटवर शोधावं तर तक्ते भरपूर, पण दोन तक्ते एकमेकांशी जुळतील तर शपथ. एकात ॲफ्रोडायटी झ्यूसची मुलगी, तर दुसऱ्यात त्याची आत्या. एकात इरॉस सृष्टीच्या आरंभीच हजर, तर दुसऱ्यात तो ॲफ्रोडायटीचा धनुष्य घेतलेला पोरगा. चार-पाच ग्रंथांतली माहिती एकाच कागदावर ओतल्यामुळे हा घोळ होतो.

म्हणून तयार तक्ता पाठ करण्यापेक्षा वंशावळ स्वतःच्या हाताने काढा. एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. ते करताना कळतं की प्राचीन ग्रीकांनी जग कसं घडलं याचं उत्तर नात्यांच्या भाषेत दिलं होतं. रात्रीच्या पोटी दिवस जन्मतो, पृथ्वीच्या पोटी आकाश जन्मतं आणि कलहाच्या पोटी उपासमार. इथली प्रत्येक रेघ जगाबद्दल काहीतरी सांगते, त्यामुळे ती कुठून कुठे जाते याला फार महत्त्व आहे.

आधी एकच ग्रंथ धरा

तो ग्रंथ म्हणजे हेसिओडचं ‘थिओगोनी’ हे काव्य. इ.स.पू. 700 च्या सुमारास ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतात, हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी अस्क्रा नावाच्या गावात हा कवी राहत होता. मेंढरं चारताना कलादेवतांनी आपल्याला गाणं शिकवलं, असं तो स्वतःच सांगतो. काव्य जेमतेम हजारभर ओळींचं आहे आणि देवांच्या जन्माची सलग मांडणी करणारा हाती असलेला हा सर्वांत जुना ग्रीक ग्रंथ आहे. होमरची काव्यं त्याच काळातली, पण त्यांत वंशाचे उल्लेख ओघात येतात, ओळीने मांडलेले नाहीत.

भाषांतर कोणतंही घ्या, फक्त त्यात मूळ ओळींचे क्रमांक असावेत. वंशावळीचा भाग 116 व्या ओळीपासून सुरू होतो. कागदावर रेघ ओढली की तिच्याशेजारी ओळीचा क्रमांक लिहायचा, हा नियम पहिल्यापासून पाळा. पुढे शंका आली की तो क्रमांकच वाचवतो.

नावांचं लेखनही आधीच ठरवून टाका. क्रोनस की क्रोनोस, युरेनस की ऊरानोस, यातलं काहीही चालेल, पण एका कागदावर दोन्ही नकोत. मी इथे मराठी वाचकांना सवयीची असलेली रूपं घेतली आहेत.

कागद आणि रेघा

मोठा चार्ट पेपर आडवा घ्या, कारण ही वंशावळ उंचीपेक्षा रुंदीला जास्त वाढते. रेघा तीन प्रकारच्या लागतील. स्त्री-पुरुषाच्या मीलनातून झालेल्या संततीला सरळ रेघ. कुणा एकट्याच्याच पोटी आलेल्यांना तुटक रेघ. आणि रक्तातून किंवा कापलेल्या अवयवातून जन्मलेल्यांना लाल रेघ. या तिसऱ्या प्रकाराची गरज कशाला, हे पुढे येईलच.

गायाला, म्हणजे पृथ्वीला, चौकटीत बसवू नका. तिच्यासाठी कागदाच्या वरच्या भागात डावीकडून उजवीकडे जाणारा लांब पट्टा काढा. ती युरेनसची आई आहे आणि पत्नीही, पोंटसचीही तसंच, आणि कथा संपत आली तरी तिला मुलं होतच असतात. एका पिढीच्या चौकटीत तिला कोंबलं की सगळा तक्ता वाकडा होतो.

पहिली ओळ: ज्यांना आईबाप नाहीत

116 ते 122 या ओळींत चार नावं येतात. आधी केऑस झाला. मग सर्वांचा भक्कम आधार असलेली गाया, पृथ्वीच्या पोटातला अंधारा टार्टारस आणि देवामाणसांचे गात्र ढिले करणारा इरॉस. बहुतेक तक्त्यांत केऑसपासून गायाकडे रेघ ओढलेली दिसते. ती चूक आहे. हेसिओड ‘आधी हा, मग ती’ एवढंच म्हणतो. ‘त्याच्यापासून ती’ असं तो म्हणत नाही. चौघांना शेजारी शेजारी मांडा आणि त्यांच्या डोक्यावर काहीही काढू नका.

केऑसला गोंधळ समजू नये. मोकळी, आ वासलेली पोकळी असा त्याचा अर्थ आहे. इरॉसला या ग्रंथात ना आईबाप, ना मुलं. तो पुढच्या सगळ्या सरळ रेघांमागचं कारण आहे, म्हणून त्याचं नाव लिहून चौकट बंद करा.

आता कागदाच्या डाव्या बाजूला एक उभी पट्टी आखून केऑसच्या घराण्यासाठी राखून ठेवा. हेसिओडच्या काव्यात केऑसचे वंशज आणि गायाचे वंशज यांच्यात एकही सोयरीक होत नाही. पोकळी आणि अंधाराचं घराणं वेगळं, पृथ्वी आणि आकाशाचं वेगळं. कवीने हे कुठे बोलून दाखवलेलं नाही, पण रेघा काढताना ते डोळ्यांसमोर उभं राहतं. मला या काव्यातली सर्वांत खोल गोष्ट हीच वाटते.

रात्रीचं घराणं

केऑसपासून तुटक रेघेने दोघं काढा: एरेबस हा गडद अंधार आणि निक्स ही रात्र. या दोघांच्या मीलनातून ईथर हे वरचं तेजाळ आकाश आणि हेमेरा ही दिवसाची देवी. अंधारातून उजेड, हा क्रम मनात पक्का करा. पुढे 748 व्या ओळीपासून हेसिओड रात्र आणि दिवस यांचं घर दाखवतो. दोघींचं घर एकच. काशाच्या मोठ्या उंबरठ्यावर त्या एकमेकींना भेटतात, एक आत जाते तेव्हा दुसरी बाहेर पडते, आणि दोघी मिळून कधीच घरात नसतात. मायलेकींचं असं नातं जगाच्या कुठल्याही पुराणात मला सापडलेलं नाही.

त्यानंतर 211 व्या ओळीपासून रात्रीची एकटीची मुलं येतात. कुणाच्याही शेजेला न जाता तिने त्यांना जन्म दिला, असं कवी स्पष्ट म्हणतो, म्हणून सगळ्या रेघा तुटक. थॅनॅटॉस हा मृत्यू, हिप्नॉस ही झोप, स्वप्नांचा सगळा जथा, नेमेसिस ही सूडाची शिक्षा, फसवणूक, म्हातारपण, आणि एरिस हा कलह. एरिसच्या खाली आणखी एक पिढी: कष्ट, विस्मृती, उपासमार, लढाया, खून, आणि शेवटी खोटी शपथ घेणाऱ्याला छळणारा शपथेचा देव हॉर्कस. ही यादी सलग वाचली की माणसाच्या सगळ्या दुःखांची जनगणना वाचल्यासारखं वाटतं.

पहिला खरा पेच इथेच येतो. 217 व्या ओळीत नशिबाच्या तीन देवी, म्हणजे क्लोथो, लॅकेसिस आणि ॲट्रोपॉस, रात्रीच्या मुली म्हणून येतात. 904 व्या ओळीत त्याच तिघी झ्यूस आणि न्यायाची देवी थेमिस यांच्या मुली होतात. एकच कवी, एकच काव्य, दोन जन्म. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अदितीपासून दक्ष आणि दक्षापासून अदिती झाल्याचं वाचलेल्या माणसाला याने दचकायला होणार नाही. दोन्ही ठिकाणी नावं लिहा आणि दोन्हींशेजारी ओळींचे क्रमांक. यातला एक जन्म खोडून तक्ता ‘स्वच्छ’ करायचा मोह टाळा. नशीब रात्रीइतकं जुनं आहे आणि तरीही झ्यूसच्या राज्यात ते न्यायाच्या घरचं आहे, या दोन्ही गोष्टी कवीला सांगायच्या असाव्यात.

गायाची एकटीची मुलं, आणि मग अठरा जण

गायाने आधी एकटीने तिघांना जन्म दिला: तिला सर्व बाजूंनी झाकणारा युरेनस म्हणजे आकाश, उंच पर्वत, आणि खवळता समुद्र पोंटस. तीन तुटक रेघा.

मग गाया आणि युरेनस यांची अठरा मुलं. त्यांचे तीन गट पाडा. पहिला गट बारा टायटनांचा. मुलगे सहा: ओशनस, कोयस, क्रायस, हायपेरिऑन, आयपेटस आणि सर्वांत धाकटा क्रोनस. मुली सहा: थिया, ऱ्हिया, थेमिस, नेमोसिनी, फीबी, टेथिस. दुसरा गट तीन सायक्लोप्सचा: ब्राँटेस, स्टेरोपेस, आर्गेस, म्हणजे गडगडाट, वीज आणि लखलखाट. पुढे झ्यूसला वज्र देणारे तेच. तिसरा गट शंभर हातांच्या आणि पन्नास डोक्यांच्या तिघा भावांचा: कॉटस, ब्रायरिअस, गायजेस.

युरेनस मुलांना जन्मल्याबरोबर गायाच्या पोटातच दडपून ठेवायचा. ती आतून कण्हत होती. तिने करड्या पोलादाचा विळा घडवला, मुलांना जवळ बोलावलं आणि बापाच्या दुष्टपणाचं उट्टं काढायला सांगितलं. सगळे घाबरले, एकटा क्रोनस पुढे झाला. रात्र घेऊन युरेनस गायावर पसरला, तेव्हा दबा धरून बसलेल्या क्रोनसने डावा हात बाहेर काढून त्याला धरलं, उजव्या हातातल्या दातेरी विळ्याने त्याचं जननेंद्रिय कापलं आणि मागे भिरकावून दिलं.

लाल रेघ इथे लागते. रक्ताचे थेंब गायाने झेलले, त्यातून सूडाच्या देवी एरिनिज, चिलखतधारी जायंट आणि मेलिआ नावाच्या वनदेवता जन्मल्या. यांना गायापासून आणि युरेनसपासून, दोघांकडून लाल रेघ द्या. कापलेला अवयव समुद्रात वाहत गेला, त्याभोवती फेस जमला आणि त्यातून ॲफ्रोडायटी जन्मली. ती आधी कायथेराजवळ आली आणि सायप्रसला किनाऱ्यावर उतरली. तिला रेघ फक्त युरेनसकडून. आई नाही. या हिशेबाने ती क्रोनसची बहीण आणि झ्यूसची आत्या. बापाविरुद्धच्या सूडातून सूडाच्या देवी आणि शृंगाराची देवी एकाच घावात जन्मतात, हे फक्त तक्त्यावरच एका नजरेत दिसतं.

समुद्राची शाखा वेगळ्या कागदावर

233 ते 336 या ओळी तुम्हाला थकवतील. गाया आणि पोंटस यांची पाच मुलं: सत्यवचनी म्हातारा नीरिअस, थॉमस, फॉर्किस, केटो आणि युरिबिया. नीरिअस आणि डोरिसच्या पन्नास मुलींची नावं लिहीत बसू नका; ‘50 नीरिइड’ एवढं पुरे. थॉमसकडून आयरिस म्हणजे इंद्रधनुष्य आणि हार्पी. फॉर्किस आणि केटोकडून गॉर्गन, आणि तिथून मेड्युसा, तिच्या मानेतून निघालेले क्रिसेऑर आणि पेगासस.

राक्षसी प्राण्यांच्या भागात एक अडचण आहे. 295 व्या ओळीत हेसिओड नुसतं ‘तिने जन्म दिला’ असं म्हणून एकिड्नाकडे येतो, आणि ‘ती’ म्हणजे केटो की क्रिसेऑरची पत्नी कॅलिरोई, हे नक्की सांगता येत नाही. कायमिरा आणि स्फिंक्स यांच्या आईबद्दलही असंच. अशा रेघांवर प्रश्नचिन्ह ठेवा आणि पुढे चला. अभ्यासकांचंही यावर एकमत नाही. युरिबियाला मात्र विसरू नका, तिची पुढच्याच पायरीला गरज आहे.

टायटनांच्या जोड्या

तक्त्याचा कणा म्हणजे हाच भाग. बारा नावांच्या जोड्या अशा लावा की एकही माणूस उरणार नाही.

बहीणभावांच्या चार जोड्या: ओशनस-टेथिस, हायपेरिऑन-थिया, कोयस-फीबी, क्रोनस-ऱ्हिया. उरले दोन मुलगे आणि दोन मुली. क्रायसने समुद्राच्या घरातली युरिबिया केली. आयपेटसने ओशनसची मुलगी क्लिमिनी, म्हणजे स्वतःची पुतणी केली. थेमिस आणि नेमोसिनी या दोघी पुढे झ्यूसच्या पत्नी होतात. त्या त्याच्या आत्याही लागतात आणि मावश्याही, कारण त्याचे आईबापच बहीणभाऊ. हा हिशेब जुळला नाही तर तुमच्या तक्त्यात कुठेतरी नाव चुकलेलं आहे.

ओशनस आणि टेथिसचे तीन हजार मुलगे म्हणजे जगातल्या नद्या, ज्या ग्रीकांसाठी पुरुष आहेत, आणि तीन हजार मुली. कवी नाईल, अल्फिअस, डॅन्यूबपर्यंत काही नावं घेतो आणि म्हणतो की सगळ्यांची नावं सांगणं एका माणसाला जमणार नाही, पण जे ज्या नदीकाठी राहतात त्यांना ती ठाऊक असतात. मुलींमधल्या स्टिक्स, क्लिमिनी, डोरिस, मेटिस आणि युरिनोमी एवढ्यांना मोठ्या अक्षरात लिहा, कारण त्या इतर शाखांत सून म्हणून जातात.

हायपेरिऑन आणि थियाची तीन मुलं: हेलिऑस सूर्य, सेलीनी चंद्र, इऑस पहाट. सूर्य म्हणून अपोलोला दाखवणारे तक्ते सरळ बाजूला ठेवा.

क्रायस आणि युरिबियाचे तिघे: ॲस्ट्रिअस, पॅलस, पर्सिस. ॲस्ट्रिअस आणि पहाटेपासून तीन वारे आणि तारे जन्मले. पॅलसने स्टिक्स केली. त्यांची चार मुलं म्हणजे झेलस, नायकी, क्रेटॉस आणि बिया: ईर्ष्या, विजय, सत्ता आणि बळ. आता यांच्यासाठी थांबाच. झ्यूसने टायटनांशी युद्ध पुकारलं आणि जो माझ्या बाजूने येईल त्याचा मान राखीन असं जाहीर केलं, तेव्हा सर्वांत आधी स्टिक्स आपली चारही मुलं घेऊन ऑलिंपसला पोचली. म्हणून देवांची शपथ तिच्या, म्हणजे पाताळातल्या त्याच नावाच्या नदीच्या, पाण्याची, आणि तिची मुलं कायमची झ्यूसच्या घरी. विजय आणि बळ झ्यूसला वारशात मिळालेले नाहीत; दुसऱ्या घराण्याची मुलं त्याच्याकडे राहायला आली आहेत. इथून झ्यूसकडे तुटक बाण काढा आणि वर ‘आश्रयाला’ असं लिहा.

कोयस आणि फीबीच्या दोन मुली, अपोलो-आर्टेमिसची आई लेटो आणि ॲस्टेरिया. ॲस्टेरिया आणि पर्सिस यांची एकुलती एक मुलगी हेकटी. म्हणजे अपोलो आणि आर्टेमिस यांची ती मावसबहीण. हेसिओडने तिच्यावर 411 पासून 452 पर्यंत जवळपास चाळीस ओळी खर्च केल्या आहेत. पृथ्वी, समुद्र आणि आकाश तिन्हींत तिचा वाटा होता आणि झ्यूसने तो हिरावून घेतला नाही. नंतरच्या काळात जादूटोण्याची देवी म्हणून ती ओळखली गेली, त्याचा इथे मागमूस नाही.

आयपेटस आणि क्लिमिनीचे चार मुलगे: ॲटलस, मेनिशिअस, प्रॉमिथिअस, एपिमिथिअस. प्रॉमिथिअस हा झ्यूसचा चुलतभाऊ. आगीच्या चोरीची कथा ही भाऊबंदकीची कथा आहे, हे तक्त्याशिवाय लक्षात येत नाही.

क्रोनसचं घर: क्रमांक दोनदा घाला

ऱ्हियाची मुलं जन्मक्रमाने अशी: हेस्टिया, डीमीटर, हेरा, हेडीस, पोसायडन, झ्यूस. स्वतःच्या मुलाकडून हरशील, असं गाया आणि युरेनसने क्रोनसला सांगून ठेवलं होतं, म्हणून तो प्रत्येक मूल गिळत गेला. झ्यूसच्या वेळी ऱ्हियाने आईबापांचाच सल्ला घेतला. बाळ क्रीटला लपवलं आणि क्रोनसच्या हाती दुपट्यात गुंडाळलेला दगड दिला. पुढे क्रोनसने ओकलं तेव्हा शेवटी गिळलेला दगड पहिला बाहेर पडला. त्याच न्यायाने भावंडंही उलट्या क्रमाने आली असं धरलं, तर थोरली हेस्टिया सर्वांत शेवटी. ॲफ्रोडायटीच्या होमरीय स्तोत्रात हेस्टियाला थोरली आणि धाकटीही म्हटलं आहे, ते यामुळेच असावं. म्हणून या नावांखाली दोन क्रमांक घाला, एक जन्माचा आणि कंसात दुसऱ्या जन्माचा.

तो दगड झ्यूसने पायथो, म्हणजे डेल्फी इथे रोवला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस या प्रवाशाने तिथे फार मोठा नसलेला एक दगड पाहिला. त्यावर रोज तेल ओतत आणि सणाला न कातलेली लोकर वाहत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. वंशावळीतली ही एकच ‘व्यक्ती’ अशी की जिला माणसं हात लावू शकत होती. क्रोनसच्या मुलांच्या रांगेत तिलाही लहानशी चौकट द्या.

कुठे थांबायचं

युद्ध दहा वर्षं चाललं, टायटन ओथ्रिस पर्वतावर आणि नवे देव ऑलिंपसवर. गायाच्या सल्ल्यावरून झ्यूसने शंभरहातांच्या तिघांना मोकळं केलं आणि तेव्हा पारडं फिरलं. हरलेल्या टायटनांच्या चौकटींवर ‘टार्टारस’ अशी खूण करा. काशाची ऐरण आकाशातून टाकली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोचेल, आणि तिथून तितक्याच अवधीत टार्टारसमध्ये, इतकं ते खोल.

त्यानंतर गाया आणि टार्टारस यांचा मुलगा टायफिअस. गायाचं हे शेंडेफळ, थेट झ्यूसच्या विरोधात उभं राहिलेलं. त्याची रेघ वरच्या पट्ट्यापासून पार खालपर्यंत येते. ती ओढल्यावर गायाची सगळी वळणं एकत्र बघा: नवऱ्याविरुद्ध मुलाला विळा देणारी, त्याच मुलाविरुद्ध लेकीला मदत करणारी, नातवाला जिंकवणारी, त्याच्यावर राक्षस सोडणारी, आणि शेवटी राजा झ्यूसच होऊ दे असं देवांना सुचवणारी. सत्ता प्रत्येक वेळी धाकट्या मुलाकडे आणि आईच्या मदतीने गेली.

झ्यूसने ही साखळी तोडली. गाया आणि युरेनसच्या सांगण्यावरून त्याने गरोदर मेटिसलाच गिळलं आणि अथेना स्वतःच्या डोक्यातून जन्माला घातली. तिच्यामागून ओळीने थेमिस, युरिनोमी, डीमीटर, नेमोसिनी, लेटो आणि हेरा. या सात पत्नी आणि त्यांची मुलं मांडली की आदिदेवांचा तक्ता पुरा झाला. हर्मिस आणि डायोनायससपासून पुढचं ऑलिंपसचं घराणं नव्या कागदावर घ्या.

बाकीचे ग्रंथ वेगळ्या शाईने

आता हिरवी शाई होमरसाठी घ्या. इलियडमध्ये ॲफ्रोडायटी झ्यूस आणि डायोनीची मुलगी आहे, झ्यूस पोसायडनपेक्षा थोरला आहे, आणि चौदाव्या सर्गात ओशनसला देवांचं मूळ म्हटलं आहे. निळी शाई अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या कथासंग्रहासाठी. तिथे टायटन तेरा आहेत, डायोनी धरून. शंभरहाती भाऊ सर्वांत आधी जन्मतात. आणि प्रॉमिथिअसची आई क्लिमिनी नसून एशिया आहे.

1962 मध्ये थेसालोनिकीजवळ डेर्वेनी इथे चितेच्या राखेत एक जळका पपायरस सापडला. त्यातल्या ऑर्फिक, म्हणजे पौराणिक गायक ऑर्फिअसच्या नावावर सांगितलेल्या, काव्यात युरेनस हा रात्रीचा मुलगा आहे. तुम्ही डावीकडे आखलेली पट्टी तिथे ओलांडली जाते, म्हणून ही रेघ जांभळ्या शाईने, पट्टी छेदून काढा.

हित्ती लोकांची राजधानी हट्टुशा आजच्या तुर्कस्तानात आहे. तिथल्या मातीच्या पाट्यांवर अलालू, अनू, कुमार्बी आणि वादळाचा देव अशी स्वर्गातल्या राजांची परंपरा आहे. कुमार्बी आकाशदेव अनूचं जननेंद्रिय चावून तोडतो आणि त्याच्या पोटात वादळदेव वाढू लागतो. या पाट्या हेसिओडपेक्षा शतकांनी जुन्या आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र छोटा कागद करा आणि तो अनू युरेनसच्या, कुमार्बी क्रोनसच्या आणि वादळदेव झ्यूसच्या रांगेत येईल असा शेजारी चिकटवा. मधे रेघ ओढू नका. इथे नातं रक्ताचं नाही, कथांचं आहे.